सांदवाडीतली सूर्यफुलं

डॉक्टरांनी मला गाडीवरून उतरवलं तेव्हा मी चौपन्न वर्षांचा होतो. कमरेतला मणका सरकला होता आणि डाव्या पायाला सारख्या मुंग्या येत होत्या. सव्वीस वर्षं मी एसटी चालवली, त्यातली बरीचशी दिग्रसहून पुसद आणि उमरखेडच्या रस्त्यावर. निरोपाच्या दिवशी डेपोत शाल-नारळ झालं, पेढे वाटले, दोन-चार जण चांगलं बोलले. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला मी सवयीनं उठलो, दाढी केली आणि कपाटासमोर उभा राहिलो. घालायचं काय हेच कळेना. जायचं कुठेच नव्हतं.

त्यानंतरचे चार-पाच महिने मी घरात कसे काढले हे माझ्या बायकोलाच विचारावं. मी खुर्चीत बसायचो आणि दहा मिनिटांत उठायचो. फाटकापर्यंत जायचो, रस्त्याकडे बघायचो, परत यायचो. टीव्ही लावायचो, बंद करायचो. नळ किती वाजता आला, किती वाजता गेला, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसायचो. जेवायला बसलो असताना दारासमोरून एखादं पोर सायकल घेऊन आडवं गेलं की माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. बायको ते पाहायची आणि भाकरी वाढायची.

आमचं घर गावाच्या कडेला आहे. मागे सांदवाडी, म्हणजे कुंपण घातलेली मोकळी जागा. तिथं बायकोच्या पाच बकऱ्या आणि पंधरा-वीस कोंबड्या. मी नोकरीत होतो तोवर घरामागे हे असतं एवढंच मला माहीत होतं. आता दिवसभर घरात राहायला लागल्यावर दिसलं की तिथं तिचं एक अख्खं राज्य आहे. कोणत्या बकरीला किती सरकीची ढेप, सोयाबीनचं कुटार म्हणजे भुसा कधी, कडुलिंबाचा पाला कोणत्या दिवशी, हे सगळं तिच्या डोक्यात. मी मदत करायला गेलो की ती हातातलं टोपलं बाजूला घ्यायची. एकदा मी बादली भरून ठेवली, तर तिनं ती उपडी करून पुन्हा भरली. पाणी उन्हात तापलं होतं म्हणे.

सूर्यफुलाचं खूळ तिच्याच एका बोलण्यातून निघालं. दसरा झाला होता. कोंबड्यांची पिसं गळायला लागली होती, अंडी बंद झाली होती. ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, या दिवसांत यांना थोडा तेलकट दाणा मिळाला असता तर बरं झालं असतं. एवढंच. पण मला काहीतरी धरायला हवं होतं, ते मी धरलं.

पुसदच्या रस्त्यावर पूर्वी एक वावर होतं. दरवर्षी नाही, पण अधूनमधून तिथं सूर्यफूल असायचं. सकाळच्या फेरीत सगळं वावर माझ्याकडे तोंड करून उभं असायचं आणि संध्याकाळी परत येताना सगळ्यांच्या पाठी दिसायच्या. पुढे तिकडे सोयाबीन आणि कपाशीच झाली. मी बायकोला म्हटलं, सांदवाडीत सूर्यफूल लावू. दाणा कोंबड्यांना, पानं आणि दाणे काढलेली फुलं बकऱ्यांना. ती म्हणाली, लावा.

बियाण्याच्या दुकानात गेलो तर दुकानदारानं हसून हात जोडले. सूर्यफुलाचं बियाणं मागायला बऱ्याच दिवसांत कोणी आलं नव्हतं. मग मला उमरखेडकडचा एक म्हातारा शेतकरी आठवला. तो माझ्या गाडीनं कैक वर्षं बाजाराला यायचा, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचा आणि बैलांसाठी बांधाच्या कडेनं सूर्यफूल लावतो असं सांगायचा. फोन नंबर नव्हता. मी म्हटलं, जाऊनच येतो. बायकोनं कमरेचा पट्टा बांधून दिला. मी घरातून दिवसभर बाहेर जाणार याचं तिला बरंच वाटलं असावं.

एसटीत प्रवासी म्हणून बसायची ती माझी पहिलीच वेळ म्हणा ना. ड्रायव्हर नवा होता, मला ओळखत नव्हता. पोरगा वाईट चालवत नव्हता. पण प्रत्येक वळणाला माझे हात गुडघ्यावर फिरायचे. एका उतारावर त्यानं गिअर उशिरा टाकला आणि मी मोठ्यानं "आता" म्हणालो. शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली. नंतर मी डोळे मिटून बसलो, तर ते आणखीच वाईट. प्रत्येक खड्डा कुठं आहे हे मला आधीच माहीत होतं.

म्हातारा भेटला. मी गाडी न घेता आलो याचंच त्याला नवल वाटलं. त्यानं माळ्यावरून एक वाळलेलं फूल काढलं, चांगलं ताटलीएवढं, आणि पेपरात गुंडाळून दिलं. बी कसं लावायचं ते सांगितलं, किती अंतर ठेवायचं ते सांगितलं. मग म्हणाला, "फूल मागून पिवळं पडेपर्यंत तोडू नोको. लोकं घाई करतात." मी होय म्हटलं. परतीच्या गाडीची वेळ होत आली होती आणि माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

पहिली पेरणी कोंबड्यांनी खाल्ली. मी चार ओळी आखल्या होत्या, दोरी लावून, अगदी सरळ. पाचव्या दिवशी हिरवे कोंब वर आले आणि मी त्यांचा फोटो मुलीला पाठवला. मुलगी राजूरला असते, जावई तिथल्या कोळसा खाणीत आहे. तिचं उत्तर यायच्या आत कुंपणाच्या फटीतून कोंबड्या आत शिरल्या होत्या. मी बाहेर येऊन पाहतो तर ओळींच्या जागी उकरलेली माती आणि त्यात आरामात बसलेली लाल कोंबडी. मी रागानं चप्पल भिरकावली. ती कोंबडीला लागली नाही, पण माझ्या कमरेत कळ गेली.

बायकोनं कुंपणाला पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या आणि बोरीच्या काट्या लावून दिल्या. उरलेलं बी मी पुन्हा पेरलं. या वेळी मी रोज तिथंच असायचो. सकाळी पाणी, दुपारी पुन्हा एकदा बघणं, संध्याकाळी काठीनं उंची मोजणं. मोजण्यासारखं काही नसलं तरी मोजायचं. शेजारच्या बाई एकदा भिंतीवरून म्हणाल्या, अहो, रोज मोजल्यानं रोपटं लवकर वाढत नाही.

या बाई आमच्या पूर्वेच्या शेजारी. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात. रोज सकाळी भिंतीपाशी आल्या की आधी "जय भीम" आणि मग बोलणं. माझ्या बायकोची आणि त्यांची जुनी मैत्री. मी ड्यूटीवर असताना या दोघींनी किती गप्पा मारल्या असतील याचा अंदाज मला त्या वर्षीच आला, कारण माझ्याबद्दलच्या बऱ्याच गोष्टी बाईंना माहीत होत्या.

जानेवारीत फुलं उमलली. साठ-पासष्ट झाडं होती, काही माझ्यापेक्षा उंच. कळ्या होत्या तोवर त्या उन्हाबरोबर थोड्या फिरायच्या, हे मी बारकाईनं पाहिलं होतं. पूर्ण उमलल्यावर मात्र सगळ्यांनी पूर्वेला तोंड केलं आणि तशीच राहिली. पूर्वेला बाईंचं अंगण. आमच्या मागच्या दारातून फक्त हिरव्या पाठी दिसायच्या. बाई सकाळी चहाचा कप घेऊन पायरीवर बसायच्या आणि चारही ओळींची फुलं त्यांच्याकडे बघत असायची. मला ते थोडं लागलं, खोटं कशाला सांगू. पाणी माझं, कंबर माझी, आणि फुलं बाईंची. बायकोला मी हे बोललो तर ती म्हणाली, फुलं बकऱ्यांसाठी लावली होती ना?

दाणा भरायला लागला आणि पोपट आले. आधी दोन, मग दहा, मग थवा. ते फुलाच्या काठावर बसून मान वाकडी करून एकेक दाणा काढायचे, आणि जेवढं खायचे त्याच्या दुप्पट खाली सांडायचे. मी पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन बसलो. डबा वाजवला की उडायचे, बाईंच्या सीताफळावर जाऊन बसायचे, मी खुर्चीत टेकलो की परत. सकाळी सहापासून ऊन वर येईपर्यंत आणि पुन्हा चारपासून अंधार पडेपर्यंत माझी हीच ड्यूटी. एका परीनं मला ती आवडत होती. बसायला सवडच नव्हती. चौथ्या दिवशी ओळींमधून धावताना पाय मुरडला आणि मी तिथंच आडवा झालो. बायको आणि बाईंनी मला दोन्ही बाजूंनी धरून घरात आणलं.

डॉक्टरांनी दहा दिवस पाठ टेकून पडायला सांगितलं होतं. खिडकीतून सांदवाडी दिसत नव्हती, फक्त पोपटांचा आवाज यायचा. मी पडल्या पडल्या ओरडायचो, "हाकला त्यायले!" बायको येऊन सांगायची की हाकलले. थोड्या वेळानं पुन्हा आवाज. मला वाटायचं एकही दाणा उरणार नाही. मी उठायचा प्रयत्न केला तर पायातून वीज गेली, पुन्हा आडवा झालो. पंख्याची पाती मोजली, छताचे वासे मोजले. मुलीनं फोनवर म्हटलं, बाबा, फुलंच आहेत. मी फोन ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर आवाज थांबले. मला आधी वाटलं, संपलं सगळं, आता खायलाच काही नाही म्हणून गेले. बायकोला विचारलं तर म्हणाली, बांधून टाकली फुलं. कशानं बांधली ते मी विचारलं नाही. आठव्या दिवशी भिंत धरत मागच्या दारापर्यंत गेलो आणि पाहिलं. प्रत्येक फुलावर खाकी पिशवी होती, खाली दोऱ्यानं आवळलेली. काही पिशव्यांना खिशाची पट्टी होती, एकीला काज-बटण तसंच. माझे युनिफॉर्म होते ते. सहा शर्ट, पाच पँटी, कपाटाच्या खालच्या कप्प्यात घड्या घालून ठेवलेले. बायकोनं कापले होते आणि बाईंच्या शिलाई मशीनवर दोघींनी मिळून शिवले होते.

मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. वाऱ्यानं झाडं हलत होती आणि पोपट तारेवर बसून बघत होते. बायको बकऱ्यांकडून हात पुसत आली.

"विचारलं असतं तं?" मी म्हटलं.

"तुमी देल्ले असते काय?"

"नाही."

"मंग."

ती आत गेली. मला राग आला होता, पण तो नेमका कुठं ठेवावा ते कळेना. ते कपडे मी परत घालणार नव्हतो. तरी रोज सकाळी तो कप्पा एकदा उघडून बघायचो, हे तिला माहीत असणार. त्या दिवशी मी जेवलो नाही. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. संध्याकाळी भूक लागली तेव्हा स्वतः उठून भाकरी घेतली.

फेब्रुवारीत मुलीला बरं नव्हतं म्हणून बायको चार दिवसांसाठी राजूरला गेली. जाताना तिनं मला बकऱ्यांचं सगळं समजावून सांगितलं, दोनदा. मोठी बकरी गाभण होती. तिच्या कानावर पांढरा ठिपका आहे आणि ती बायकोशिवाय कुणाचं ऐकत नाही. तिला ढेप मोजूनच, पाणी कोमट, बाकी काही नवं नाही. मी म्हटलं, सव्वीस वर्षं माणसं सांभाळली, पाच बकऱ्यांचं काय.

पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी सगळं काम सकाळी नऊलाच संपलं आणि घरात कोणी नाही. मी चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आलो. मग सांदवाडीत गेलो. पिशव्या सोडून फुलं पाहिली. पाठी पिवळ्या पडायला सुरुवात झाली होती, पूर्ण पडल्या नव्हत्या. आणखी पंधरा दिवस तरी थांबायला हवं होतं. मला म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण ती येईपर्यंत सगळं तोडून, वाळत घालून, दाखवण्यासारखं काहीतरी तयार असावं असं वाटलं. मी विळा घेतला आणि दुपारपर्यंत दोन ओळी तोडल्या. जड, ओली फुलं, दाण्यांत चीक. त्यातली काही चिरून टोपलंभर बकऱ्यांपुढे टाकली. मोठीनं सगळ्यांना ढुसण्या देऊन टोपलं स्वतःच्या ताब्यात घेतलं. इतकी आवडीनं खाते म्हणून मला आनंद झाला आणि मी तिला आणखी अर्धं टोपलं दिलं. त्याचा व्हिडिओसुद्धा काढला.

तिसरा दिवस शुक्रवार होता. सकाळी ती उठेना. डावी कूस फुगून डफासारखी ताठ झाली होती. दात खात होती, मान ताणून कण्हत होती. मी तिच्या पुढ्यात पाला धरला, तिनं तोंड फिरवलं. दुपारपर्यंत मी वाट पाहिली. का वाट पाहिली ते अजून माझं मला सांगता येत नाही. बहुतेक बायकोला फोन करायची हिंमत होत नव्हती. एक वाजता केला.

तिनं मधे न बोलता ऐकून घेतलं. मग विचारलं, काय टाकलं? मी सांगितलं. किती? ते पण सांगितलं.

"तिले बसू देऊ नोका," ती म्हणाली. "पुढचे पाय उंचावर ठेवा. वाटीभर गोडं तेल हळूहळू पाजा, नरड्यात ओतू नोका. आन् दवाखान्यात न्या. आत्ता."

आवाज शांत होता. त्यानंच मला जास्त भीती वाटली.

जनावरांचा दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. डॉक्टरांना फोन लागला, पण त्या दुसऱ्या केसवर होत्या, इकडेच घेऊन या म्हणाल्या. आमच्या समोर एक भाईजान राहतात, त्यांची ऑटोरिक्षा दारातच उभी होती, पण ते जुम्म्याच्या नमाजला गेले होते. त्यांच्या बायकोनं खिडकीतून सगळं पाहिलं आणि किल्ली बाहेर दिली. म्हणाल्या, "ले जाओ दादा, वो कुछ नहीं बोलते." बाई चप्पल न घालताच धावत आल्या. आम्ही दोघांनी बकरी उचलली, माझी कंबर करकरली, आणि बाई तिला मांडीशी उभी धरून मागे बसल्या.

मी आयुष्यात रिक्षा चालवली नव्हती. एवढी मोठी गाडी चालवली, पण हा दांडा कधी हातात घेतला नव्हता. गिअर डाव्या मुठीत. पहिल्यांदा ती गचके खाऊन बंद पडली. दुसऱ्यांदा निघाली. जिनिंगच्या फाटकापाशी कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. त्यांच्यामधून काढली, चौकातून डावीकडे, मग शाळेच्या मागच्या गल्लीतून, कारण बाजाराचा रस्ता त्या वेळी भरलेला असतो. मागून बकरी कण्हत होती आणि बाई तिच्याशी वर्गातल्या पोराशी बोलावं तसं बोलत होत्या, थोडं राहिलं, उभी राहा, शाब्बास.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्या पंधरा मिनिटांत मला फार बरं वाटलं. निरोपाच्या दिवसापासून अंगात जे सारखं फिरत होतं ते थांबलं. कुठे जायचं ते माहीत होतं, रस्ता माहीत होता, मागे कोणीतरी होतं ज्याला पोचवायचं होतं. मागे एक गाभण जनावर माझ्या मूर्खपणानं मरायला टेकलं होतं आणि मला बरं वाटत होतं. दवाखान्याच्या फाटकात ब्रेक दाबला तेव्हा ते लक्षात आलं आणि मला स्वतःची किळस आली.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं बकरीच्या तोंडात नळी घातली, औषध सोडलं, इंजेक्शन दिलं, आणि मला कूस चोळायला लावली. तासाभरानं ढेकर आल्यासारखा आवाज झाला आणि कूस हळूहळू खाली गेली. मी भिंतीला टेकून बसलो. डॉक्टर हात धुताना म्हणाली, चारा बदलायचा तर आठ-दहा दिवस लावायचे, काका. एक मूठ, मग दोन मुठी. ओला माल तर आणखीच जपून. मी सूर्यफूल वाईट असतं का विचारलं. ती म्हणाली, वाईट काही नसतं, एकदम दिलेलं वाईट.

बायको त्याच संध्याकाळी परत आली, पोरीला तसंच सोडून. पिशवी दारात ठेवली आणि सरळ गोठ्यात गेली. बकरीच्या कानापासून शेपटापर्यंत हात फिरवला. मी मागे उभा होतो. मला वाटलं आता बोलेल. बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढच्या महिनाभरातही नाही. म्हणजे जेवायला बोलवायची, औषध द्यायची, पण त्याबद्दल एक शब्द नाही. मला सव्वीस वर्षांत प्रवाशांनी शिव्या दिल्या होत्या, त्या मी घेतल्या होत्या. हे घेता येईना. मी पुन्हा फाटकाच्या फेऱ्या सुरू केल्या.

मार्चच्या शेवटी बकरी व्याली. दोन पिल्लं. एक पाठ, म्हणजे मादी पिल्लू, चांगली धडधाकट, अर्ध्या तासात उभी राहिली. दुसरा बोकड मेलेलाच होता. डॉक्टरांना विचारलं, त्या दिवसामुळे झालं का. ती म्हणाली, सांगता येत नाही, जुळ्यांत असं कधी कधी होतं. सांगता येत नाही म्हणजे नाही असं नव्हे, हे मला कळत होतं. मी सांदवाडीच्या कोपऱ्यात खड्डा खणला. कमरेमुळे मला वेळ लागला, पण बायकोनं कुदळ मागितली नाही. तिनं पिल्लू गोणपाटात गुंडाळून आणलं, ठेवलं, आणि आम्ही दोघांनी माती लोटली.

त्यानंतर चार-सहा दिवसांची गोष्ट. उरलेल्या दोन ओळींची फुलं बायकोनं वेळेवर तोडली होती आणि छतावर वाळवली होती. कडक झाली होती. दुपारी आम्ही ओसरीत ती झोडायला बसलो. बाज उलटी टाकून तिच्या दोरीवर फूल घासलं की दाणे खाली पडतात, ही युक्ती तिची. मी उठत होतो, पाणी पीत होतो, पुन्हा बसत होतो, पुन्हा उठत होतो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा ती म्हणाली, बसा थोडे.

मी म्हटलं, "मले बसवत नाही. काय करू."

ती फूल घासत राहिली. मग मान वर न करता बोलायला लागली. आमचं लग्न झालं तेव्हा या घरात बकऱ्या नव्हत्या हे मला आठवतं का, असं तिनं विचारलं. मला आठवत नव्हतं. मला वाटायचं त्या पहिल्यापासून आहेत. ती म्हणाली, माझी गाडी उमरखेडच्या रस्त्यावर लागली त्या वर्षी घाटात एक ट्रक उलटल्याची बातमी आली होती. तेव्हा मोबाईल नव्हते. मी तीन तास उशिरा आलो आणि जेवून झोपून गेलो. ती मात्र त्या दिवसापासून गाडीची वेळ झाली की घरात बसू शकायची नाही. भांडी पुन्हा घासायची, अंगण दोनदा झाडायची, फाटकापर्यंत जायची, परत यायची.

"बाईनं सांगतलं, एखादं जनावर पाळ," ती म्हणाली. "म्हणून पहिली बकरी आणली. तिच्यापाशी बसलं का जीव थोडा जाग्यावर राहे. तुमी कायले पाह्यता, रोज आले का जेवून झोपून जाव."

मी बसलो. सव्वीस वर्षं मी वेळेवर गाडी आणली याचा मला अभिमान होता. जे चार-दोन दिवस उशीर झाला ते माझ्या लक्षातही नव्हते. मी पाच महिने फाटकाच्या फेऱ्या मारून सगळ्यांना हैराण केलं होतं. तिनं त्याच फेऱ्या मी घरी नसताना मारल्या होत्या आणि मला कधी कळू दिलं नव्हतं.

"बोकडाचं," मी म्हटलं, "माझ्याकडून झालं."

"हो," ती म्हणाली. "तुमच्याकडूनच झालं."

एवढं बोलून तिनं पुढचं फूल उचललं आणि दुसरं माझ्याकडे सरकवलं. महिनाभरानं मला पहिल्यांदा श्वास नीट आला. ती खोटं बोलली असती, जाऊ द्या म्हणाली असती, तर तसं झालं नसतं. अंधार पडेपर्यंत आम्ही दाणे काढले. दोन टोपली निघाले. फुलांपैकी एक चांगलं मोठं फूल तिनं बियाण्यासाठी वेगळं ठेवलं.

आता हे लिहितो आहे तेव्हा दुसरं वर्ष सुरू आहे. या खेपेला ओळी कुठं घालायच्या ते तिनं सांगितलं, मी दोरी धरली. कोंबड्यांना रोज सकाळी मूठभर दाणा मी टाकतो. अंडी त्यानं वाढली का, हे मला खात्रीनं सांगता येणार नाही. बायको म्हणते, थोडी वाढली, बाई म्हणतात तुमचं समाधान वाढलं. गेल्या वर्षीची पाठ आता मोठी झाली आहे आणि माझ्या आवाजाला कान टवकारते. बकऱ्यांचं टोपलं मात्र अजून माझ्या हातात आलेलं नाही. मी मागत नाही. दुपारी चारच्या सुमारास अजूनही अंगात काहीतरी फिरायला लागतं. तेव्हा मी सांदवाडीत जातो. बहुतेक वेळा ती तिथं आधीच असते.